नवा मोबाईल, नवा लॅपटॉप : खोक्यावरचे आकडे वाचायला शिकूया



जून महिना तोंडावर आला आहे. हळद विकून चार पैसे हाती आलेत, पण त्यांना वाटाही तेवढ्याच आहेत. बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, गणवेश. आणि आता जवळजवळ प्रत्येक घरात आणखी एक मागणी असते : "दादाला अभ्यासाला मोबाईल पाहिजे", "ताईला कॉलेजसाठी लॅपटॉप पाहिजे". आपलं कनेरगाव नाका म्हणजे मराठवाडा आणि विदर्भाच्या शिवेवरचं गाव. एका अंगाला हिंगोली, दुसऱ्या अंगाला वाशीम. दोन्हीकडच्या दुकानांत सारख्याच पाट्या दिसतात : "नवीन मॉडेल आलं!" यूट्यूब उघडलं की तिथंही तेच.

मागच्या आठवड्यात एक पालक नव्या मोबाईलचं खोकं घेऊन शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, सोळा जीबीचा हाय, पन्नासचा कॅमेरा हाय. चांगलाच असंल ना?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण दुकानात त्यांना एवढंच सांगितलं होतं. म्हणून आज आपण गणिताच्या तासाला बसल्यासारखे बसूया आणि या खोक्यावरचा एकेक आकडा समजून घेऊया. नाक्यावर गाडी थांबवून तपासतात ना, तसं प्रत्येक आकड्याला थांबवून विचारायचं : "तू माझ्या लेकराच्या कोणत्या कामाचा?"

आधी काम, मग वस्तू

मुलांच्या हातात नवीन यंत्र दिलं की शिक्षण आपोआप सुधारतं, असं पुष्कळांना वाटतं. जगानं हा प्रयोग करून पाहिलेला आहे आणि त्याची एक कडी आपल्या महाराष्ट्रात आहे.

२००५ साली अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना जगापुढे मांडली. लॅपटॉपची किंमत १०० डॉलर ठेवायची, असं ठरलं होतं. २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. हिरवा-पांढरा, छोटासा लॅपटॉप. यंत्र खरंच विचारपूर्वक बनवलेलं होतं. उन्हातही वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड, वीज अगदी कमी लागणारी रचना. पण १०० डॉलरची किंमत काही जमली नाही, ती १८० डॉलरच्या पुढं गेली.

हाच लॅपटॉप पेरू देशानं मोठ्या प्रमाणावर घेतला, तब्बल ८ लाखांहून जास्त. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि २०१२ साली निष्कर्ष आले. मुलं संगणक वापरायला शिकली, काही बौद्धिक चाचण्यांत थोडी पुढंही गेली. पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. कारण साधं आहे. यंत्र पोचलं, पण त्यावर रोज कोणता धडा, कसा शिकवायचा याची तयारी तेवढी पोचली नाही.

आता याच्या उलट उदाहरण बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी महागडं यंत्र शोधलं नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावला. घरात जो कोणता स्मार्टफोन असेल, त्यानं तो चौकोन स्कॅन करायचा आणि कविता ऐकायची, पाठाचा व्हिडिओ बघायचा. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. २०२० साली डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. एक छापील चौकोन, पण त्याला काम नेमकं दिलेलं होतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा : या वस्तूवर माझं मूल नेमकं काय करणार? दीक्षा ॲपवरचे पाठ बघणार, बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ वाचणार, शिष्यवृत्तीचे किंवा नवोदयचे सराव प्रश्न सोडवणार, की कॉलेजात टायपिंग, एक्सेल, प्रोग्रॅमिंग करणार? पहिल्या तीन कामांना साधा फोन पुरतो. शेवटच्या कामाला लॅपटॉप लागतो. कामांची यादी हातात असली की अर्धी फसवणूक तिथंच थांबते.

रॅम आणि स्टोरेज : बाक आणि कपाट

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. वर्गातलं उदाहरण घेऊया. स्टोरेज म्हणजे वर्गातलं कपाट. सगळी पुस्तकं, फोटो, व्हिडिओ तिथं कायमचे राहतात. रॅम म्हणजे मुलाच्या समोरचा बाक. ज्यावर आत्ता काम चालू आहे तेवढंच बाकावर असतं. बाक मोठा असला तर वही, पुस्तक, कंपास सगळं एकदम मांडता येतं. बाक लहान असला तर एक वस्तू काढायची, दुसरी ठेवायची, यातच वेळ जातो. फोन अडखळतो तो यामुळंच.

आता त्या पालकांच्या 'सोळा जीबी'कडे वळू. खोक्यावर बारकाईनं पाहिलं तर "८ + ८" असं लिहिलेलं होतं. यातले पहिले ८ जीबी खरी रॅम. दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, तिला 'व्हर्च्युअल रॅम' म्हणतात. बाकावर जागा संपली म्हणून कपाटाच्या एका कप्प्यात वह्या मांडल्या आणि तोही बाकच आहे असं म्हटलं, तसा हा प्रकार. वही मिळते, पण प्रत्येक वेळी उठून कपाटापर्यंत जावं लागतं. कपाटाचा वेग बाकाला येत नाही. शिवाय तेवढी कपाटातली जागाही अडते. तेव्हा अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा मोजायचा, नंतरचा सोडून द्यायचा.

कपाटाचंही एक गणित आहे. १२८ जीबी लिहिलेलं असलं तरी सगळी जागा आपल्याला मिळत नाही. फोनची स्वतःची यंत्रणा आणि आधीपासून भरलेली ॲप बरीच जागा घेतात. त्यामुळं आज अभ्यासासाठी फोन घेताना खरी ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज असलेला पाहावा, असं माझं मत आहे. ४ जीबीवर काम चालतं, पण दोन वर्षांनी तो फोन रडायला लागतो.

आणखी एक बातमी ध्यानात ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून जगभरात मेमरी चिपचे भाव चढले आहेत, कारण एआयसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरना या चिप प्रचंड प्रमाणात लागतात. त्यामुळं 'नवीन मॉडेल म्हणजे त्याच पैशात जास्त मेमरी' हे जुनं गणित आता पक्कं राहिलेलं नाही. मागच्या वर्षीचं मॉडेल दुकानात शिल्लक असेल तर त्याचेही आकडे शेजारी ठेवून बघा.

कॅमेरा आणि पडदा : कोणता आकडा मोठ्या अक्षरात आहे?

५० मेगापिक्सेल म्हणजे ५ कोटी ठिपके. ऐकायला भारी वाटतं. पण बहुतेक फोन नेहमीचा फोटो काढताना शेजारचे ४-४ ठिपके एकत्र करून त्यांचा एक करतात. करा भागाकार : ५० ÷ ४ = १२.५. म्हणजे फोटो मिळतो साडेबारा मेगापिक्सेलचा. यात लबाडी नाही, अंधारात फोटो चांगला यावा म्हणून हे केलेलं असतं. पण पन्नास म्हणजे पंचवीसच्या दुप्पट चांगला, असं मात्र समजू नका. फोटोचा दर्जा भिंगावर, सेन्सरच्या आकारावर आणि फोनमधल्या प्रक्रियेवरही ठरतो.

आता खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात पडद्याचा आकडा शोधा. स्वस्त फोनमध्ये तो बरेचदा १६०० × ७२० असतो. गुणाकार करा : ११,५२,००० ठिपके. दुसऱ्या फोनवर २४०० × १०८० असेल तर २५,९२,०००. म्हणजे दुपटीहून जास्त. तुमचं मूल फोटो काढण्यापेक्षा पडद्यावर वाचणार जास्त आहे. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या असलेली मराठी पीडीएफ छोट्या पडद्यावर वाचायची म्हटल्यावर अभ्यासाच्या फोनला कॅमेऱ्यापेक्षा पडद्याचा आकडा महत्त्वाचा. दुकानात मात्र हा आकडा कोणी बोलून दाखवत नाही.

बॅटरी : आपल्या भागातला खरा प्रश्न

वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथं बॅटरीला किंमत आहे. ५००० एमएएच म्हणजे काय? समजा फोन सरासरी ५०० मिलिअँपिअर वीज घेतोय, तर ५००० ÷ ५०० = १० तास चालेल. व्हिडिओ, खेळ, उजळ पडदा, कमी रेंज यांनी खर्च वाढतो, मग तास कमी होतात. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधण्यातच वीज घालवतो, म्हणून शेतात बॅटरी लवकर उतरते.

'३३ वॉट', '४४ वॉट' हे आकडे बॅटरीच्या आकाराचे नाहीत, चार्जिंगच्या वेगाचे आहेत. दिवसातून थोडाच वेळ भरवशाची वीज असेल तर हा वेग उपयोगाचा. पण खोक्यात चार्जर आहे का, हे आधी विचारा. काही कंपन्यांनी तो देणं बंद केलंय, मग त्याचे पैसे वेगळे पडतात.

इथं २०११ च्या 'आकाश' टॅबलेटची आठवण काढायलाच पाहिजे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत मोठ्या थाटात त्याचं अनावरण झालं. जगातला सगळ्यात स्वस्त टॅबलेट म्हणून बातम्या झाल्या. आज शिकलेल्या पद्धतीनं त्याचे आकडे वाचा : २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २१०० एमएएच बॅटरी आणि बोटानं दाबावा लागणारा जुन्या पद्धतीचा पडदा. त्या काळातही हे आकडे तोकडेच होते. टॅबलेट हळू चालतो, बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारी लगेच आल्या. हेतू चांगला होता, किंमत कमी होती, पण यंत्र कामाला पुरलं नाही. महाग तेच चांगलं असं नाही. तसंच नुसतं स्वस्त तेही परवडत नाही.

५जी आणि एआय

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नवीन फोन घेतच असाल आणि किमतीत फार फरक नसेल, तर ५जी घ्या, कारण फोन चार-पाच वर्षं वापरायचा आहे. पण चालू असलेला ४जी फोन केवळ यासाठी टाकून देऊ नका. दीक्षावरचा पाठ बघायला ४जी भरपूर झालं. शिवाय तो पाठ एकदा डाउनलोड करून ठेवला की नंतर रेंज नसली तरी चालतो.

हल्ली प्रत्येक जाहिरातीत 'एआय फोन' असतो. त्यातल्या बऱ्याच सोयी इंटरनेटवरून चालतात, म्हणजे ॲप टाकलं की जुन्या फोनवरही मिळतात. जे खरोखर फोनच्या आत चालतं, त्याला ताकदवान प्रोसेसर आणि जास्त रॅम लागते, म्हणजे फोन महाग. प्राथमिक-माध्यमिकच्या मुलासाठी या एका शब्दापायी जास्तीचे पैसे मोजायची गरज मला दिसत नाही.

किती वर्षं अपडेट? हा प्रश्न विचाराच

हा आकडा खोक्यावर बहुतेक नसतोच, पण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येतात तोवर तो सुरक्षित. ते थांबले की फोन चालतो, पण दाराची कडी सैल होते. आणि आपण त्याच फोनवर बँक आणि यूपीआय वापरतो.

गूगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला ७ वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. ते फोन महाग आहेत. पण सॅमसंगनं गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या त्यामानानं स्वस्त फोनलाही ६ वर्षांचं आश्वासन दिलं. म्हणजे कमी किमतीत हे होऊ शकतं. दुसरीकडं काही फोनला दोन-तीन वर्षंच मिळतात. आता भागाकार करा. समजा एक फोन १२ हजारांचा आणि त्याला ३ वर्षं अपडेट, तर वर्षाला ४ हजार. दुसरा १५ हजारांचा आणि ६ वर्षं, तर वर्षाला अडीच हजार. सांगा, स्वस्त कोणता?

जुना लॅपटॉप घेताना

कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी बरेच पालक जुना, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉप बघतात. कल्पना चांगली आहे. फक्त दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट, 'आय ५ आहे' एवढ्यावर भुलू नका. आय ३, आय ५, आय ७ हा वर्ग झाला. पण तो कोणत्या सालचा वर्ग? ते पुढच्या आकड्यात असतं. आय ५-३३२०एम यात पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ चा. आय ५-८२५०यू यात ८, म्हणजे आठवी पिढी. आय ३-१२१५यू यात १२, म्हणजे बारावी पिढी, २०२२ चा. नाव आय ३ असलं तरी हा बारावीचा 'आय ३' तिसरीच्या 'आय ५'पेक्षा बराच वेगवान आहे. (अलीकडं इंटेलनं 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं आणली आहेत, पण जुन्या बाजारात वरचीच पद्धत दिसेल.)

दुसरी गोष्ट विंडोजची. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे मोफत नियमित अपडेट बंद केले. मर्यादित काळाची वाढीव सुरक्षा योजना आहे, पण ती कायमची नाही. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला ढोबळमानानं इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. म्हणजे चौथ्या-सहाव्या पिढीचे लॅपटॉप आता मोठ्या प्रमाणावर ऑफिसांतून बाहेर पडून बाजारात येतात आणि म्हणूनच ते स्वस्त असतात. दुकानदार जबरदस्तीनं विंडोज ११ टाकूनही देतात. ते चालतंही, पण पुढचे अपडेट येतील याची हमी कंपनी देत नाही.

म्हणून लॅपटॉप चालू करायला लावा. सेटिंग, मग सिस्टीम, मग अबाउट, इथं प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते, ती स्वतः वाचा. आठव्या पिढीच्या पुढचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप कॉलेजच्या कामाला पुरतो. एसएसडी का? जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही, त्यामुळं लॅपटॉप लवकर सुरू होतो. घरात आधीच जुना लॅपटॉप पडून असेल तर फेकू नका. त्यात एसएसडी बसवा आणि उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाका. टायपिंग आणि इंटरनेटसाठी तो आणखी काही वर्षं काढेल.

जुना फोन घेताय? आधी हे करा

फोनवर *#०६# डायल करा. १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. मग केवायएम हे तीन इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून, तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, क्रमांक बनावट आहे का, ते उत्तरात कळतं. हीच सोय सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही आहे आणि आपला फोन हरवला तर तो बंद करण्याचा अर्जही तिथंच करता येतो. पावती मात्र मागूनच घ्या. "पावती घेतली तर जीएसटी लागेल" असं कोणी म्हणालं तर समजून घ्या की वॉरंटीच्या वेळी तुमच्या हातात काहीच नसणार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा मोबाईल-लॅपटॉपही स्वस्त झाले असं अनेकांना वाटलं. तसं नाही, त्यांचा दर १८ टक्केच राहिला. स्वस्त झाले ते मोठे टीव्ही आणि मॉनिटर.

थोडक्यात काय घ्यावं?

• पहिली ते पाचवी : वेगळा फोन नकोच. घरातला फोन, रोज ठरलेला वेळ आणि शेजारी बसलेलं घरचं माणूस.
• सहावी ते दहावी : घरातला फोन चांगला चालत असेल तर तोच. घ्यायचाच असेल तर खरी ६ जीबी रॅम, १०८० चा पडदा आणि जास्तीत जास्त वर्षं अपडेट.
• कॉलेज : मोठ्या फोनपेक्षा साधा लॅपटॉप. नवीन परवडत नसेल तर आठव्या पिढीच्या पुढचा जुना, पावतीसह.
• हप्त्यावर घेत असाल तर महिन्याचा हप्ता बघू नका. हप्ता गुणिले महिने, अधिक प्रक्रिया शुल्क, एवढी बेरीज करून मग होय म्हणा.

वर्गासाठी उपक्रम

शिक्षक मित्रांनो, मुलांना घरातल्या मोबाईलचं रिकामं खोकं आणायला सांगा. नसेल तर जाहिरातीचं पान चालेल. गटात बसवून हे सोडवून घ्या :

१. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात कोणता आकडा आहे? सगळ्यात बारीक अक्षरात कोणता? असं का केलं असेल?
२. पडद्याच्या दोन आकड्यांचा गुणाकार करून एकूण ठिपके काढा.
३. रॅमपुढे अधिक चिन्ह आहे का? असेल तर खरी रॅम किती?
४. किंमत भागिले अपडेटची वर्षं, म्हणजे वर्षाचा खर्च किती?
५. या फोनवर अभ्यासाची कोणती तीन कामं करता येतील ते लिहा.

गुणाकार-भागाकाराचा असा सराव पुस्तकातल्या उदाहरणांतून होत नाही. आणि पुढच्या वेळी दुकानात बापासोबत आठवीतली पोरगी उभी असेल, तर "सोळा जीबी हाय" म्हणणाऱ्याला तीच विचारील : "काका, आठ अधिक आठ का खरे सोळा?" तेवढं झालं तरी हा पाठ पूर्ण झाला असं समजूया.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या पालक गटावर जरूर पाठवा.